न थांबणारी गाळणी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, उमरखेड तालुक्यात, ढाणकी नावाचे गाव आहे. पैनगंगा नदी तेथून फार दूर नाही. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरून वाहत जाणारी ही नदी त्याच परिसरात काळ्याभोर खडकांवरून एकदम खाली उडी घेते. त्या धबधब्याला सहस्रकुंड म्हणतात. काही वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, ढाणकीच्या आमच्या शाळेची सहल सहस्रकुंडास गेली होती. उन्हाळ्यात तेथे खडकांच्या बेचक्यांतून पाण्याच्या चार धारा काय त्या दिसतात. पण त्या दिवशी नदी दुथडी भरून चालली होती आणि पाण्याचा रंग दुधाच्या चहासारखा झाला होता. मुलांनी धबधबा डोळे भरून पाहिला, डबे खाल्ले, आणि परत निघताना कोणाच्या तरी मनात आले म्हणून त्या गढूळ पाण्याच्या चार बाटल्या भरून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बाटल्या वर्गाच्या खिडकीत ओळीने मांडल्या. एका रात्रीत बाटल्यांच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता. परंतु वरचे पाणी काही नितळ झाले नव्हते. आणखी दोन दिवस वाट पाहिली. पाणी होते तसेच धुरकट राहिले. मग एका मुलीने घरून तुरटीचा खडा आणला. तिची आजी पावसाळ्यात माठातील पाण्यात तुरटी फिरवते, हे तिने पाहिले होते. एका बाटलीतील पाणी तिने भांड्यात ओतले, त्यात तुरटी फिरवली आणि पाणी अगदी हलक्या हाताने ढवळीत राहिली. थोड्याच वेळात पाण्यात कापसाच्या कणांसारखे पुंजके दिसू लागले, ते हळूहळू खाली बसले, आणि वरचे पाणी स्वच्छ दिसू लागले.

मुलांचा उत्साह वाढला. एक मडके आणून त्याच्या बुडाला बारीक छिद्र पाडले, आत खडी, त्यावर जाड वाळू आणि त्यावर बारीक वाळू असे थर रचले. शाळेमागच्या नाल्याचे पाणी रोज त्यात ओतावयाचे आणि खाली ठिबकणारे नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात धरावयाचे, हा त्यांचा नित्यक्रमच होऊन बसला. (ते पाणी पिण्यास मी कोणालाही परवानगी दिली नव्हती; का, ते पुढे कळेल.) आठवडाभराने मात्र धार मंदावली. वाळूच्या पृष्ठभागावर चिखलाचा बुळबुळीत पापुद्रा धरला होता. वाळू उपसून धुवावी लागणार, हे उघड होते. तेव्हा शेवटच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, आपले मडके एक दिवस बंद राहिले तर काही बिघडत नाही. पण मुंबईचे मडके धुवायचे असेल तर?”

सारा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. त्या मुलाने विचारलेला प्रश्न मोठमोठ्या अभियंत्यांना रात्ररात्र जागवितो. हजारो लोक ज्या पाण्यावर अवलंबून आहेत ते पाणी शुद्ध करणारे केंद्र जुने झाले म्हणजे ते दुरुस्त कसे करावयाचे? घर जुने झाले तर माणूस काही दिवस दुसरीकडे राहावयास जातो. पूल जुना झाला तर वाहतूक वळविता येते. पण तहान कोठे वळविणार? त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नव्हते, म्हणून ते येथे सविस्तर सांगतो.

प्रथम हे केंद्र काय करते ते पाहू. आमच्या खिडकीत आणि मडक्यात जे घडले तेच तेथे मोठ्या प्रमाणावर घडते. नदीचे किंवा तलावाचे पाणी केंद्रात आले की त्यात तुरटी किंवा तुरटीच्या जातीचे एखादे रसायन मोजून घालतात. हे मोजमाप फार महत्त्वाचे. पाण्यातील मातीचे अतिसूक्ष्म कण तळाशी बसत नाहीत, याचे कारण असे की त्या प्रत्येकावर एकाच जातीचा विद्युत्भार असतो आणि त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलीत राहतात. तुरटी हा भार नाहीसा करते. मग कण एकमेकांस चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके जड असल्यामुळे खाली बसतात. तुरटी कमी पडली तर पुंजके धरत नाहीत. जास्त झाली तर पाणी तुरट लागते आणि पैसाही वाया जातो. नदीचे पाणी तर रोज सारखे नसते. माघातील पाणी निराळे आणि आषाढातील निराळे. म्हणून केंद्रातील रसायनतज्ज्ञ काचेच्या पाच-सहा भांड्यांत पाण्याचे नमुने घेऊन, प्रत्येकात तुरटीचे निरनिराळे प्रमाण घालून, कोणत्या भांड्यातील पाणी उत्तम निवळते हे पाहतो आणि त्यावरून त्या दिवशीचे माप ठरवितो. आमच्या वर्गातील त्या मुलीने केले ते याहून फारसे वेगळे नव्हते.

तुरटी घातल्यावर पाणी प्रथम जोराने आणि मग वीस-तीस मिनिटे अगदी संथपणे ढवळतात. संथ यासाठी की जोराने ढवळले तर धरलेले पुंजके मोडतात. नंतर ते विस्तीर्ण हौदात दोन-तीन तास जवळजवळ स्थिर ठेवतात. गाळ खाली बसतो, निवळ पाणी काठावरून पुढे जाते. ते गाळणी हौदांत येते. या हौदांत साठ-सत्तर सेंटिमीटर जाडीचा बारीक, निवडक वाळूचा थर असतो आणि त्याखाली खडीचे थर. उरलेसुरले कण तेथे अडकतात.

वाळूतून पाणी गाळण्याची युक्ती जुनी आहे. लंडन शहरात जेम्स सिम्पसन नावाच्या अभियंत्याने १८२९ साली टेम्स नदीचे पाणी गाळण्यासाठी वाळूचे मोठे हौद बांधले. त्या हौदांतून पाणी तासाला जेमतेम दहा ते वीस सेंटिमीटर इतक्या मंद गतीने खाली उतरे. पुढे तुरटीने आधी निवळलेले पाणी जलद गाळण्याची पद्धत निघाली. तिच्यात ते तासाला सुमारे पाच मीटर गतीने उतरते. जलद गाळणीत वाळू लवकर तुंबते, म्हणून एक-दोन दिवसांनी खालून वर हवा आणि पाणी जोराने सोडून ती धुवावी लागते. दहा-पंधरा मिनिटे वाळू उकळत्या भातासारखी खदखदते, मळ वर येतो आणि वाहून जातो. आमच्या मडक्यातील वाळू हातांनी उपसावी लागली. तेथे ती जागच्या जागी धुतली जाते, एवढाच फरक.

आता ते मडक्यातील पाणी मी मुलांना का पिऊ दिले नाही, ते सांगतो. नितळ पाणी आणि निर्दोष पाणी या दोन गोष्टी एक नव्हेत. पटकीचे, विषमज्वराचे, काविळीचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. चांगली गाळणी त्यांतील बरेचसे अडविते. पण सगळे नाही. म्हणून गाळलेल्या पाण्यात शेवटी क्लोरीन मिसळतात आणि ते निदान अर्धा तास पाण्यात मुरू देतात. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात नित्यनेमाने क्लोरीन घालण्यास आरंभ झाला आणि ती पद्धत पुढे जगभर पसरली. आपल्या देशाच्या मानकांप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. हजार लिटरच्या टाकीत हे प्रमाण मिठाच्या एका चिमटीहूनही कमी भरते. पण वाटेत एखाद्या नळाच्या फटीतून घाण आत शिरली तर तिच्याशी झुंजण्यास एवढे शिपाई पुरेसे असतात. गढूळपणा मोजण्याचेही एक माप आहे, त्याला एन.टी.यू. म्हणतात. पावसाळ्यातील नदीत हा आकडा शेकड्यांत जातो. पिण्याचे पाणी मात्र १ च्या आत असावे आणि दुसरा उपायच नसेल तर फार तर ५ पर्यंत चालेल, असा आपला नियम आहे.

गाळणी नसली म्हणजे काय होते, हे जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने १८९२ साली पाहिले. एल्ब नदीच्या काठी हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे एकमेकांना इतकी लागून होती की कोठे एक संपले आणि दुसरे सुरू झाले हे परक्याला कळू नये. दोघेही एकाच नदीचे पाणी पीत. किंबहुना आल्टोनाचे नशीब अधिक वाईट. ते प्रवाहाच्या खालच्या अंगास होते, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेले पाणी त्याच्या वाट्यास येई. पण आल्टोना ते पाणी वाळूतून गाळून घेत असे आणि हॅम्बुर्ग तसेच पीत असे. हॅम्बुर्गच्या कारभाऱ्यांनी गाळणीचा खर्च वर्षानुवर्षे पुढे ढकलला होता. शेवटी काम काढले, पण ते पुरे होण्याआधीच त्या वर्षीच्या ऑगस्टात पटकीची साथ आली. हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे मेली. आल्टोनात साथ जवळजवळ फिरकलीच नाही. दोन शहरांच्या सीमेवरील रस्त्यावर तर असे दिसले की हवा तीच, माती तीच, माणसेही त्याच स्थितीतील. पण रस्त्याच्या हॅम्बुर्गकडील बाजूस रोग आणि आल्टोनाकडील बाजूस आरोग्य. रॉबर्ट कॉख या थोर शास्त्रज्ञाने हे सारे प्रत्यक्ष पाहून नोंदवून ठेवले. पुढील वर्षी हॅम्बुर्गची गाळणी सुरू झाली. एका वर्षाचा उशीर. पण तेवढ्यात आठ हजार माणसे गेली.

त्याच १८९२ साली आपल्या मुंबईला तानसा तलावाचे पाणी मिळू लागले. त्यापूर्वी, १८६० साली, मिठी नदी अडवून विहार तलाव बांधला गेला होता आणि १८७९ साली तुळशी तलाव. शहर वाढत गेले तसतसे ते पाण्यासाठी दूर दूर हात पसरू लागले. १९५७ साली वैतरणा नदीवरील धरणाचे पाणी आले; त्या जलाशयास ना. वि. मोडक या अभियंत्याच्या नावावरून मोडकसागर म्हणतात. नंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. आज मुंबईला या सात जलाशयांतून दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरविले जाते. त्यांतील काही शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहेत.

एवढे पाणी गाळणारी सर्वांत मोठी केंद्रे भांडुप येथे, डोंगराच्या कुशीत आहेत. तेथील जुने केंद्र १९८० च्या सुमारास सुरू झाले. दररोज १९१ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याची त्याची क्षमता. पुढे त्याच्या शेजारी ९० कोटी लिटरचे दुसरे केंद्र बांधण्यात आले. आकडा ऐकून काही बोध होत नाही, म्हणून थोडे गणित करू. १९१ कोटी लिटरांस दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले तर सेकंदाला सुमारे २२,००० लिटर येतात. म्हणजे तुम्ही एकदा टाळी वाजवावी आणि तेवढ्यात दहा हजार लिटरचे दोन टँकर भरून जावेत! वीस हजार वस्तीच्या एखाद्या गावास माणशी शंभर लिटर पाणी दिले तर त्या गावाला दिवसभरात जेवढे लागेल तेवढे भांडुपचे जुने केंद्र अवघ्या दीड मिनिटात गाळून मोकळे होते. हेच पाणी लंडनच्या जुन्या, मंद पद्धतीने गाळावयाचे म्हटले तर वाळूचे हौदच सुमारे एकशेतीस एकर जमीन व्यापतील. जलद पद्धतीने चार एकरांत काम भागते. तुम्ही हा हिशेब स्वतः करून पाहा. मी शाळेत असताना असली उदाहरणे मुलांना घालीत असे आणि ‘केवढी मोठी संख्या’ म्हणून ती कुरकुरत असत.

असे केंद्र म्हातारे होते म्हणजे काय होते? बाहेरून तर हौद तसाच दिसतो आणि पाणीही वाहत असते. म्हातारपण आत असते. वर्षानुवर्षे धुतली तरी वाळूत थोडा थोडा चिकट मळ राहतोच. त्याचे बोरासारखे, कधी लिंबाएवढे चिखलगोळे बनतात आणि वाळूत रुतून बसतात. मग पाणी सगळीकडून सारखे झिरपत नाही. गोळे टाळून, मोकळी वाट सापडेल तेथून निसटते आणि न गाळताच खाली जाते. वाळूच्या खाली पाणी गोळा करणाऱ्या नळ्या असतात. त्यांतील एखादी फुटली तर वाळूच पाण्याबरोबर वाहू लागते. लोखंडी झडपा गंजून अडकतात. अर्धवट बंद झालेली झडप ही उघडीपेक्षाही घातक. क्लोरीन आणि ओल यांनी काँक्रीट पोखरते, आतील सळया फुगतात. मोटारी आणि विद्युत्पेट्या जुन्या पडतात आणि त्यांचे सुटे भाग बाजारात मिळेनासे होतात. त्यात आणखी एक गोष्ट. ज्या काळी असली केंद्रे बांधली गेली तेव्हा गाळण्या धुतलेले पाणी गटारात सोडून देत. ते एकूण पाण्याच्या शेकडा दोन-तीन भाग तरी असते. भांडुपच्या जुन्या केंद्राएवढ्या केंद्रात शेकडा दोन धरले तरी रोजचे जवळजवळ चार कोटी लिटर होतात. आजकालच्या केंद्रांत हे पाणी निवळून पुन्हा आरंभीच्या हौदात आणतात.

जुन्या केंद्राला शत्रू तरी किती! कधी कधी पाणीच पाण्याचे शत्रू होते. १७ आणि १८ जुलै २०२१ यांच्या मधल्या रात्री मुंबईत अतिवृष्टी झाली. भांडुप संकुलात पावसाचे पाणी शिरले, विद्युत् यंत्रणेत पाणी गेले आणि गाळण्याचे व उपसण्याचे काम थांबवावे लागले. रस्त्यारस्त्यांतून पाणी वाहत होते. घरातील नळ मात्र कोरडे. शहराच्या फार मोठ्या भागाचा पुरवठा त्या दिवशी खंडित झाला आणि नागरिकांनी पाणी उकळून प्यावे असे महापालिकेने कळविले. रात्रीचा दिवस करून कामगारांनी यंत्रे वाळविली, तपासली आणि पुरवठा पुन्हा सुरू झाला. ती बातमी वाचताना मला शेवटच्या बाकावरील तो मुलगा आठवला. मुंबईचे मडके खरोखरच एक दिवस बंद पडले होते.

तर मग अशा केंद्राला नवे रूप कसे द्यावयाचे? मार्ग दोनच आहेत. पहिला मार्ग थोड्या थोड्या दुरुस्तीचा. शहाणे अभियंते गाळणीचा एकच प्रचंड हौद कधी बांधीत नाहीत. अनेक हौद ओळीने बांधतात. त्यामुळे एक हौद धुण्यासाठी किंवा वाळू बदलण्यासाठी बंद ठेवला तरी बाकीचे त्याचा भार उचलतात. एकत्र कुटुंबात एक जण आजारी पडला तर त्याचे काम इतर जण वाटून घेतात, तसेच हे. वाळू बदलणे, झडपा बदलणे, मोटारी बदलणे ही कामे या मार्गाने होऊ शकतात आणि होतातही. थंडीच्या दिवसांत पाणी कमी लागते आणि नदीही कमी गढूळ असते, म्हणून ही कामे बहुधा तेव्हा काढतात.

परंतु प्रत्येक केंद्रात असे काही भाग असतात की त्यांना जोडीदार नसतो. सारे पाणी ज्यातून आत येते तो मुख्य पाट, सारे शुद्ध पाणी ज्यात जमते तो हौद, सर्वांना वीज पुरविणारे घर. शरीरात डोळे दोन, हात दोन, मूत्रपिंडे दोन. हृदय मात्र एकच, तसे. हृदय म्हातारे झाले तर तुकड्या-तुकड्यांची दुरुस्ती पुरत नाही. अशा वेळी दुसरा मार्ग धरावा लागतो. जुने केंद्र चालू ठेवून त्याच्या शेजारीच नवे उभारावयाचे. मुंबई महापालिकेने भांडुप येथे हाच मार्ग निवडला. जुन्या १९१ कोटी लिटरच्या केंद्राची जागा घेण्यासाठी त्याच संकुलात २०० कोटी लिटर क्षमतेचे नवे केंद्र बांधावयाचे ठरले आणि २०२४ साली ते काम सोपविण्यात आले. असे बांधकाम एका हंगामाचे नव्हे. त्याला काही वर्षे लागतात, आणि ती सगळी वर्षे जुन्या केंद्राने आपले काम एक दिवसही न चुकता करीत राहावयाचे असते.

शेजारी बांधावयाचे, हे बोलणे सोपे. पण जागा कोठेही चालत नाही. तानसा आणि वैतरणा यांचे पाणी मुंबईकडे मुख्यतः उतारानेच वाहत येते. त्या उंचीचे मोल मोठे आहे. कारण गमावलेली उंची परत मिळवावयाची तर पंप लावावा लागतो आणि पंपाला रात्रंदिवस वीज. केंद्राच्या आतही पाणी एका हौदातून दुसऱ्या हौदात उतारानेच जाते. तेव्हा नव्या केंद्राचा प्रत्येक हौद किती उंचीवर असावा, हे आधीच बारकाईने आखावे लागते. एखादा काठ चार बोटे वर गेला तर मागे पाणी तुंबते. खाली गेला तर पुढच्या हौदाला पाणी पोचत नाही. मोठ्या बांधकामात चार बोटांचा हिशेब ठेवणारी माणसे मला फार आवडतात.

खरी कसोटी जोडणीच्या दिवशी. नव्या केंद्राला जुन्या जलवाहिन्यांशी जोडावयाचे तर काही तास तरी त्या वाहिन्या बंद कराव्या लागतात. यासाठी आधी कित्येक दिवस तयारी चालते. नळाचे तुकडे आधीच कापून, घासून, मापून ठेवतात. शहरातील टाक्या काठोकाठ भरून घेतात. कोणत्या वस्तीला किती वाजता पाणी मिळणार नाही, ते वृत्तपत्रांतून कळवितात. मग ठरल्या वेळी झडपा बंद होतात आणि दिव्यांच्या उजेडात कापणे, जोडणे, सांधणे सुरू होते. सकाळी नळाला पाणी आले म्हणजे लोक भांडी भरतात आणि आपल्या कामाला लागतात.

दुसरी वाट तयार ठेवल्याने किती फरक पडतो, याचा एक दाखला सांगतो. ठाण्याजवळ जमिनीच्या पोटातून मुंबईकडे पाणी आणणारा पंधरा किलोमीटरचा एक बोगदा आहे. वर जमिनीवर कोणी तरी विंधन विहीर खोदली आणि खालच्या बोगद्याला इजा झाली. २०२३ साली त्याच्या दुरुस्तीसाठी तो बंद ठेवावा लागला. पाणी इतर वाहिन्यांतून आणण्याची सोय होती, म्हणून ३१ मार्चपासून महिनाभर शेकडा पंधरा इतकी कपात करून मुंबईला वेळ मारून नेता आली. ती सोय नसती तर कपात कितीची झाली असती, याचा अंदाज तुम्हीच करा.

नवे केंद्र बांधून झाले, जोडले गेले, की नारळ फोडून लगेच त्याचे पाणी शहरात सोडून देत नाहीत. आधी रिकाम्या हौदांत पाणी भरून ते कोठे गळते का पाहतात. नंतर वाळूचे थर घालून ते पुन्हा पुन्हा धुतात, क्लोरीनने निर्जंतुक करतात. गाळलेले पहिले पाणी वाहून जाऊ देतात. मग नमुने प्रयोगशाळेत जातात. शंभर मिलिलिटर पाण्यात मलमूत्रातून येणारा एकही जंतू सापडता कामा नये, असा दंडक आहे. सगळ्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर थोडे पाणी नव्या केंद्रातून आणि बरेचसे जुन्यातून, मग निम्मे-निम्मे, असे करीत करीत भार नव्याकडे सरकवितात. निदान एक पावसाळा नव्या केंद्राने पार पाडलेला पाहावा, असे अनुभवी माणसे म्हणतात. आषाढातील पाणी हीच गाळणीची खरी वार्षिक परीक्षा.

मुंबईचे सांगितले म्हणून लहान गावांना हे लागू नाही असे समजू नका. उलट लहान गावाची अडचण अधिक बिकट. मोठ्या शहरात हौद अनेक, तलाव अनेक, वाटा अनेक. लहान गावात बहुधा विहीर एक, टाकी एक, गाळणी असलीच तर तीही एक, आणि ती चालविणारा माणूसही एकच. तो लग्नाला परगावी गेला तर तुरटी कोण घालणार? आमच्या यवतमाळ शहराचेच पाहा. निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर ते अवलंबून होते. २०१८ साली दोन्ही आटली आणि नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी आले नाही. मग बेंबळा प्रकल्पाचे पाणी शहरापर्यंत आणण्यासाठी धावाधाव करावी लागली. नवी टाकी, नवी योजना यांच्या उद्घाटनाला मंडप पडतो, भाषणे होतात. गाळणीतील वाळू बदलली म्हणून कोठे मंडप पडलेला माझ्या पाहण्यात नाही. खरे म्हणजे तो तेव्हाच पडावयास हवा.

आता आमच्या मडक्याचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. त्या मुलाने प्रश्न विचारला तेव्हा मी त्यालाच विचारले, “तू काय करशील?” त्याने क्षणभर डोके खाजविले आणि म्हणाला, “दुसरे मडके भरीन, मग हे उघडीन.” दुसऱ्या दिवशी तो घरून मडके घेऊन आला. मुलांनी वाळू चार पाण्यांनी धुतली, तरी पहिल्या दिवशी नव्या मडक्यातून पिवळसर पाणी आले. ते कडुनिंबाच्या झाडाला घातले. दुसऱ्या दिवशीचेही घातले. तोवर जुन्या मडक्यातून, थेंब थेंब का होईना, पाणी येतच होते. तिसऱ्या दिवशी नव्या मडक्याखालचे भांडे नितळ पाण्याने भरले. मग मुलांनी व्हरांड्यात पोते पसरून जुने मडके त्यावर उपडे केले. वाळूच्या ढिगातून बोराएवढा चिखलाचा एक गोळा निघाला. तो हातात घेऊन मुले बराच वेळ पाहत होती.